गोल्फचा सेट: ऑनलाइन मागवला, परत केला, पुण्यात घेतला आणि ग्रिप कोल्हापुरात बसवल्या

गेल्या दीड-दोन वर्षांत मला आठ-दहा जणांनी तरी विचारलं असेल की गोल्फचा सेट घ्यायचाय, ऑनलाइन मागवू का दुकानात जाऊन घेऊ, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो, कारण मी दोन्ही करून बघितलंय आणि पहिल्या वेळी माझे साडेसत्तावीस हजार जवळजवळ गेलेच होते.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून कास्टिंग येतं ते आम्ही मशीनिंग करून देतो. गोल्फ लागला तो पुण्याच्या एका कस्टमरमुळं, त्यांनी एकदा मीटिंग झाल्यावर सरावाच्या रेंजवर नेलं, पन्नास बॉल मारले त्यातला एकच नीट लागला पण त्या एका बॉलचा आवाज घरी येईपर्यंत डोक्यात होता. तेव्हापासून महिन्यातून एकदा पुण्याला कामाला गेलो की खेळतो, कधी येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर कुणीतरी गेस्ट म्हणून नेतं, कधी बावधनच्या पुढं लवळ्याला ऑक्सफर्डला, आणि बाकीचे दिवस कंपनीच्या शेडमागं नेट लावलंय त्यात मारतो.

कोल्हापुरात गोल्फचं सामान मिळणं अवघड आहे हे मान्य करूनच पुढं जाऊ. हे फुटबॉलचं गाव. शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली की रस्त्यावर गाडी लावायला जागा नसते. खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलं की बूट, बॅटी, कॅरम, पैलवानांचे लंगोट सगळं मिळेल पण गोल्फचा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, विचारला की मालक आधी तोंडाकडं बघतो. त्यामुळं इथल्या माणसाला पहिला विचार ऑनलाइनचाच येतो, मलाही तोच आला, त्यात चुकीचं काही नाही.

तर झालं असं. एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर (नाव घेत नाही) एका नामांकित कंपनीचा आयर्नचा (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचा) सेट दिसला, ५ ते ९ आणि पिचिंग वेज असे सहा क्लब, २७,५००. पुण्यात त्याच मॉडेलचा भाव सत्तर हजाराच्या आसपास ऐकला होता. खाली लिहिलेलं, इम्पोर्टेड, ओरिजिनल, सील पॅक. मागचं मॉडेल असेल म्हणून स्वस्त असेल असं मी मनाशी धरलं, कारण नवीन मॉडेल आलं की जुन्याची किंमत खरंच पडते, हे या धंद्यात नेहमीचं आहे. पण पडते म्हणजे वीस-तीस टक्के पडते, साठ टक्के नाही पडत, हा हिशोब तेव्हाच करायला हवा होता.

बॉक्स आला, हेडवर (बॉलला लागणाऱ्या डोक्यावर) प्लास्टिक, शाफ्टवर (दांड्यावर) स्टिकर, बघायला एकदम झकास. नेटमध्ये मारला तर हातात काहीतरी वेगळंच जाणवत होतं, ७ नंबर आणि ८ नंबर घेतला तर कुठला कुठला हे डोळे मिटून कळेना. मग दुसऱ्या दिवशी सगळा सेट कंपनीत घेऊन गेलो आणि आमच्या क्वालिटीच्या टेबलावर ठेवला. आता इथं नीट वाचा, कारण हे कुणीही करू शकतो, किराणा दुकानातला डिजिटल काटा असला तरी पुरतो.

आयर्नच्या सेटमध्ये एक सोपा नियम आहे. नंबर वाढेल तसा क्लब लहान होत जातो आणि हेड जड होत जातं, एका नंबरमागं साधारण ७ ग्रॅम, आणि लांबी अर्धा-अर्धा इंच कमी होते. हे अशासाठी की प्रत्येक क्लब फिरवताना हाताला सारखाच लागावा. म्हणजे पूर्ण क्लब काट्यावर ठेवला तरी ५ नंबरपासून वेजपर्यंत वजन पायरीपायरीनं चढलं पाहिजे. माझ्या सेटमध्ये ५ नंबर ४२१ ग्रॅम, ६ नंबर ४१९, ७ नंबर ४३३, ८ नंबर ४२६. पायरी नाहीच, वर खाली वर खाली. आमच्याकडं असं कास्टिंगचं लॉट आलं तर आम्ही गाडीतूनच उतरवून घेत नाही.

मग चुंबक लावला. कास्ट केलेले (ओतीव) चांगले आयर्न बहुतेक १७-४ किंवा ४३१ स्टेनलेसचे असतात, फोर्ज केलेले (ठोकून घडवलेले) साध्या कार्बन स्टीलचे, आणि या तिन्हींना चुंबक चिकटतो. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही असं लोक म्हणतात ते भांड्यांच्या ३०४ बद्दल खरं आहे, १७-४ ला चिकटतोच. माझ्या सहापैकी दोन हेडला चिकटलाच नाही. एकाच सेटमधले सहा क्लब आणि दोन वेगळ्या धातूचे! ते झिंक अलॉय असावं असा माझा अंदाज आहे, अगदी स्वस्तातल्या सेटमध्ये ते वापरतात, वजनाला हलकं, ठिसूळ, आणि ते वाकवून अँगल बदलता येत नाही, मोडतं. झिंकचं म्हणून विकलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती, लहान मुलांना शिकायला ठीक असतं, पण वर नाव भलत्याच कंपनीचं घालून विकायचं ही सरळ फसवणूक झाली.

तरीपण खात्री करावी म्हणून सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या एकदम सपाट प्लेटवर घेतलं. फेसवरच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूवरच्या ग्रूव्ह (रेघा) प्लेटला समांतर येतील असा क्लब धरायचा आणि बेव्हल प्रोट्रॅक्टरनं शाफ्टचा प्लेटशी कोन बघायचा, याला लाय अँगल म्हणतात, ७ नंबरला तो ६२ डिग्रीच्या आसपास असतो आणि लहान क्लबकडं जाताना अर्धा-अर्धा डिग्री वाढत जातो. माझ्या ७ नंबरचा साडेसाठ आणि ८ नंबरचा साठ, म्हणजे वाढायच्या ऐवजी कमी. लॉफ्ट म्हणजे फेसचा तिरकेपणा, तो दोन क्लबमध्ये तीन-चार डिग्रीनं वेगळा पाहिजे, माझ्या ७ आणि ८ मध्ये दीडच. म्हणून डोळे मिटून कळत नव्हतं! आमच्या शॉपमधला पोरगा प्रोट्रॅक्टर धरून म्हणाला, "साहेब, हे ड्रॉइंग बघून केलेलंच नाही, फोटो बघून केलंय." अगदी बरोबर बोलला तो.

परत करायची कथा वेगळीच. रिटर्न सात दिवसांत, रिक्वेस्ट टाकली, न्यायला येणारा पोरगा आला आणि बॉक्स लांब आहे, गाडीवर बसत नाही म्हणून गेला. दुसऱ्यांदा दुसरा आला, तोही तसाच गेला. तोपर्यंत पाचवा दिवस. ॲपवर दाखवतंय की ग्राहक घरी नव्हता, आणि मी दारात बॉक्स घेऊन उभा. शेवटी मीच टेम्पो करून कुरिअरच्या गोडाऊनला नेऊन दिला, पावती घेतली, आणि पैसे यायला पुढं तेवीस दिवस गेले. ते पण आले कशामुळं तर मी बॉक्स उघडतानाचा पूर्ण व्हिडिओ काढला होता आणि काट्यावरचे सहा फोटो जोडले होते. तेव्हा हात जोडून सांगतो, महागातली कुठलीही वस्तू ऑनलाइन मागवा पण चिकटपट्टी कापायच्या आधी मोबाइल चालू करा, आणि बॉक्सवरचं लेबल त्यात दिसू दे. हॉझेलवर, म्हणजे शाफ्ट जिथं हेडमध्ये जातो तिथं, बऱ्याच कंपन्यांचा सिरियल नंबर असतो, तो कंपनीला मेल करून विचारता येतो. माझ्या सेटवर नंबर होता पण तो लेझरनं खोदलेला नव्हता, नुसता छापलेला, नखानं खरवडल्यावर निघाला.

आता याच्यावरून ऑनलाइन वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी आजही बॉल, टी (बॉल ठेवायची खुंटी), मार्कर, टॉवेल, बॅगेचं रेनकव्हर हे सगळं ऑनलाइनच घेतो. बॉलला नियमानं ठरलेलं वजन आहे, ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, कंपनीचा सीलबंद डझन तुम्ही मुंबईत घ्या का मोबाइलवर घ्या, आतला बॉल तोच. फक्त 'रिफर्बिश्ड' म्हणून जे स्वस्तात मिळतात त्यात बघून घ्या, काही तळ्यातून काढून नुसते धुतलेले असतात ते चालतात, पण काही परत रंग मारून, वर कंपनीचा शिक्का मारून विकतात, त्यांचं उडणं बदललेलं असतं. आणि नेटमध्ये मारायला भारी बॉल लागतच नाहीत, टू-पीसचे साधे, सर्लिन कव्हरचे घ्या, ते कापत नाहीत, टिकतात. भारीतले युरेथेन कव्हरचे बॉल ग्रीनजवळ, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताजवळ फिरकी घेतात म्हणून महाग असतात, नेटला काय फिरकी दाखवायचीय?

ग्लोव्ह ऑनलाइन घेताना एक घोळ हमखास होतो तो सांगतो. उजव्या हातानं खेळणारा माणूस ग्लोव्ह डाव्या हातात घालतो. लिस्टिंगमध्ये 'लेफ्ट हँड' लिहिलेलं असतं ते हाताबद्दल असतं, खेळाडूबद्दल नसतं, काही ठिकाणी उलटं पण लिहितात. माझ्या दोन मित्रांनी चुकीचा हात मागवला. म्हणून मी ग्लोव्ह पहिल्यांदा हातात घालून घेतो आणि मग तोच साइज, तीच कंपनी ऑनलाइन. आणि आपल्याकडच्या पावसात कातडी ग्लोव्ह नको, पातळ कातडं भिजून सुकलं की पापडासारखं होतं, जून ते सप्टेंबर सिंथेटिकच वापरा.

माझा हिशोब आता साधा झालाय: जे मला काट्यावर, पट्टीनं तपासता येतं ते ऑनलाइन. जे माझ्या अंगाला बसायला पाहिजे ते माणसासमोर उभं राहून.

आयर्न हे दुसऱ्यातलं आहे. हे मला पुण्यातल्या दुकानात गेल्यावर कळलं, आणि खरं सांगतो, त्या दोन तासांत मला माझ्या खेळाबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या वर्षभरात कळलं नव्हतं. वर्षभर माझा बॉल डावीकडं जायचा. सरळ मारला, आवाज छान आला, तरी डावीकडं. सगळे सांगायचे पकड सैल सोड, खांदा वळव, डोकं वर करू नको, मी सगळं करून बघितलं. दुकानातल्या माणसानं काय केलं तर आधी माझी उंची घेतली, मग हात खाली सोडून उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंत टेपनं मोजलं, आणि मग क्लबच्या तळाला एक चिकटपट्टी लावली आणि प्लास्टिकच्या काळ्या फळीवरून बॉल मारायला सांगितला. तळ फळीला जिथं घासतो तिथं पट्टीवर खूण उमटते. खूण मधोमध आली तर क्लब तुमचा. माझी खूण पार टाचेकडं, म्हणजे शाफ्टच्या बाजूला. म्हणजे बॉलला लागताना क्लबचं टोक वर उचललेलं राहतंय, क्लब माझ्यासाठी जास्त उभा आहे, आणि असा क्लब उजव्या माणसाचा बॉल डावीकडंच पाठवणार. त्यानं दोन डिग्री आडवा केलेला डेमो क्लब हातात दिला आणि बॉल सरळ गेला. तिसऱ्या बॉललाच. मी तिथं पाच मिनिटं काही बोललो नाही, गेलं वर्ष आठवत होतो.

आता मला सांगा हे कुठलं ॲप करणार? आपल्या कोल्हापुरात नेमबाजीचं एवढं आहे, राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, आणि पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलेला आपल्या राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे. रायफल शूटर गालाची पट्टी, बट प्लेट सगळं मिलिमीटरमध्ये आपल्या अंगाला जुळवून घेतात, मग खेळतात. गोल्फमध्ये पण तेच आहे, फक्त लोकांना माहीत नाही. पिंग ही क्लब बनवणारी कंपनी तर कित्येक वर्षं हेडवर रंगाचे ठिपके देते, काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड लाय, बाकीचे रंग जास्त उभा किंवा जास्त आडवा. सेकंडहँड पिंग घेताना हा ठिपका न बघता घेतला तर तुम्ही दुसऱ्याच्या मापाची चप्पल घेतली असं समजा.

पण पुण्याच्या दुकानाचं सगळंच गोड होतं असं नाही. शेल्फवर माल कमी, जे मॉडेल मला बघायचं होतं ते फक्त स्टिफ शाफ्टमध्ये होतं आणि विकणारा दुसरा पोरगा ते माझ्या गळ्यात मारायला बघत होता, "सर, तुमची पॉवर चांगली आहे." माझा ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) स्पीड मशीनवर ताशी ८८ मैल आला, त्याला रेग्युलर शाफ्टच बरोबर, आणि मोजमाप घेणाऱ्या माणसानंच त्याला गप्प केलं म्हणून बरं. स्टिफ, रेग्युलर हे शब्द तुमच्या ताकदीची स्तुती नाहीत, ते शाफ्ट किती वाकतो याचं माप आहे, कुणी चढवलं तर चढू नका. शिवाय ऑर्डर केलेला सेट यायला तीन आठवडे लागले, ते म्हणाले होते दहा दिवस. आणि पुणे म्हणजे जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, हायवेचं काम चालू, त्या दिवशी कराडच्या अलीकडं एक तास उभा होतो.

सेटचे मी ६८,००० दिले, मोजमापाचे पैसे वेगळे होते पण सेट घेतल्यावर ते वळते करून दिले. तोच सेट एका अधिकृत विक्रेत्याच्या साइटवर चौसष्टला होता, म्हणजे चार हजारांचा फरक. बरेच जण काय करतात, दुकानात मोजून घेतात, आकडे मोबाइलमध्ये लिहून घेतात आणि घरी येऊन ऑनलाइन मागवतात. मला ते पटत नाही. त्या माणसानं दोन तास दिले, माझं वर्षभराचं दुखणं ओळखलं, आणि त्याचा नफा मी चार हजारांसाठी दुसऱ्याच्या गोडाऊनला पाठवायचा? आमच्या धंद्यात कुणी आमच्याकडून प्रोसेस समजून घेतो आणि काम दुसऱ्याला देतो तेव्हा किती लागतं ते मला माहीत आहे. घ्यायचंच नसेल तर मोजमापाचे पैसे पूर्ण द्या, पावती घ्या आणि मग कुठूनही घ्या, त्यात काही गैर नाही.

अजून दोन गोष्टी दुकानातच कळल्या. एक म्हणजे कास्ट का फोर्ज. कास्ट १७-४ कडक असतं, एक-दोन डिग्रीपेक्षा जास्त वाकवायला गेलं तर हॉझेलला तडा जायची भीती, फोर्ज केलेलं मऊ कार्बन स्टील सहज वाकतं आणि नंतर परत हवं तसं करून घेता येतं. मी कास्टिंगवर पोट भरणारा माणूस, तरी सांगतो, ज्याचा लाय स्टँडर्डपासून लांबचा निघेल त्यानं फोर्ज घ्यावं, किंवा कंपनीकडूनच त्या अँगलचं मागवावं. माझं दोन डिग्रीचं होतं म्हणून कंपनीकडूनच करून आलं, आणि आल्या आल्या मी परत सरफेस प्लेटवर लावून बघितलं, सहाच्या सहा बरोबर, वजनाची पायरी बरोबर. तो अर्धा तास मला फार समाधान मिळालं.

दुसरी, लॉफ्टचा खेळ. आधी ७ नंबरला ३४-३५ डिग्री लॉफ्ट असायचा, आता बऱ्याच सेटमध्ये २८ ते ३० आहे. साइटवर लिहितात की हा सेट पंधरा यार्ड जास्त जातो, जाणारच, कारण तो जवळजवळ जुना ५ किंवा ६ नंबर आहे, वर फक्त ७ कोरलेलं आहे. याचा त्रास लहान क्लबकडं होतो. पिचिंग वेज आता ४३-४४ डिग्रीची येते आणि तुमची सँड वेज ५६ ची, मध्ये १२ डिग्रीची दरी, तिथं एक ४९-५० ची गॅप वेज लागते आणि ऑनलाइनच्या सहा क्लबच्या सेटमध्ये ती बहुतेक वेळा नसते. नंतर सुटी घ्यायला गेलं की जुळणारी मिळत नाही. म्हणून घ्यायच्या आधी नंबर बघू नका, डिग्रीचा तक्ता बघा. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, त्यामुळं जागा कुठं खर्च करायची तेही ठरवावं लागतं.

आता कोल्हापूरचं सांगतो, आणि मला मुळात हेच लिहायचं होतं. गावात महाद्वार रोडच्या बाजूला एक जुनं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, काका बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग करतात, म्हणजे तारा बसवतात, बॅटीला दोरा गुंडाळतात, फुटबॉलचं ब्लॅडर बदलतात, हात फार स्वच्छ आहे त्यांचा. माझ्या जुन्या वेजची ग्रिप, म्हणजे मुठीचं रबर, गुळगुळीत झाली होती, पुण्याला एका ग्रिपसाठी कोण जाणार, म्हणून ऑनलाइन ग्रिप मागवली आणि काकांकडं घेऊन गेलो. ते म्हणाले, "साहेब, ह्यातलं मला काय कळत न्हाई. पर तुम्ही एकदा दावा, मग मी बसवतो." मला हे इतकं आवडलं! येतं म्हणून खराब करून देणारे खूप भेटतात.

मग आम्ही दोघांनी मोबाइल समोर ठेवून केली. जुनी ग्रिप वाकड्या पात्यानं लांबीत कापून काढली, खालची जुनी टेप खरवडली, शाफ्ट पुसला. दुहेरी चिकट टेप लावली, शाफ्टच्या टोकापुढं अर्धा इंच जास्त ठेवून ती आत दुमडली. नवीन ग्रिपच्या मागच्या भोकात टी खुपसली, रंगाच्या दुकानातनं आणलेलं टर्पेंटाइन ग्रिपमध्ये ओतलं, तोंड दाबून हलवलं, आणि तेच टेपवर ओतलं. टर्पेंटाइन लागलं की टेप गुळगुळीत होते, मग थांबायचं नाही, एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवायची आणि वरची रेघ फेसबरोबर सरळ करायची. पहिली आम्ही वाकडी बसवली, काकांनी लगेच ओढून काढली आणि पुन्हा बसवली. नंतर दुसरी घेऊन गेलो ती त्यांनी एकट्यानं केली, मी नुसता बघत होतो. बसल्यावर त्यांनी अंगठ्यानं पूर्ण ग्रिपवरून दाब दिला, जसा ते रॅकेटच्या तारा दाबून बघतात तसा, कुठं हवा राहिलीय का ते. हे मोबाइलमधल्या माणसानं केलेलं नव्हतं, हे त्यांचं स्वतःचं.

एका ग्रिपचे पन्नास रुपये घेतले. मी शंभर देत होतो, घेतले नाहीत. आता त्यांच्याकडं डझनभर ग्रिप असतात, दोन मापांच्या, जाड हातासाठी मिडसाइज पण ठेवतात, डिस्ट्रिब्युटरकडून मागवतात, भाव ऑनलाइनपेक्षा वीस-तीस रुपयांनी जास्त. बॉलचे डबे पण ठेवायला लागलेत. वर्षातून एकदा ग्रिप बदलायचीच असते, घामानं रबर कडक होतं, आणि ते काम आता गावात होतं ही माझ्यासाठी फार मोठी सोय आहे. काकांकडं क्लब फिटिंग होणार नाही, लाय मोजता येणार नाही, तेवढ्यासाठी पुणे आहेच. पण दुकान फक्त शेल्फवर काय आहे त्यावर मोजू नका.

एक कळकळीची विनंती उद्यमनगरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागाच्या जवळ राहणाऱ्यांना. आपल्याकडं काहीही कापून, वळून, जोडून मिळतं, त्यामुळं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं की मोठ्यांचा जुना क्लब कापून पोरांना द्यावा. नका करू. शाफ्ट वरून कापला की तो अजून कडक होतो, आणि खाली हेड मोठ्या माणसाचंच, तेवढंच जड. लहान पोराला ते उचलवत नाही, मग ते पाठ वाकडी करून ओढतं आणि तीच सवय अंगात बसते. माझ्या मुलीबाबतीत मी हे करणार होतो, कटिंग व्हील हातात होतं, त्या पुण्याच्या माणसाला सहज फोन केला म्हणून थांबलो.

मुलगी नऊ वर्षांची आहे. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, म्हणजे २०२१ च्या ऑगस्टमध्ये, आम्ही सगळे घरात आपली गोल्फर अदिती अशोकची शेवटची फेरी बघत होतो, ती चौथी आली, मेडल एका पायरीनं गेलं. तिची आईच तिची बॅग घेऊन चालत होती, आणि त्याआधी २०१६ ला रिओत ११२ वर्षांनी गोल्फ ऑलिंपिकमध्ये परत आलं तेव्हा वडील कॅडी होते. मुलगी तेव्हा अगदी लहान, तिला त्यातलं काय कळलं माहीत नाही, पण गेल्या वर्षी ती शेडमागं आली आणि म्हणाली तुम्ही बॅग धरा, मी मारते.

पोरांचे सेट वयावर नसतात, उंचीवर असतात, साधारण तीन-तीन इंचांच्या पायरीनं, शाफ्ट हलका आणि हेड पण हलकं. मुलीच्या सेटसाठी मात्र मी पुण्याला गेलो नाही आणि तो मोबाइलवरही मागवला नाही. काकांच्या दुकानात तिला घेऊन गेलो. त्यांनी तिला काउंटरला पाठ लावून उभं केलं, चप्पल काढायला लावली, लाकडी पट्टी डोक्यावर आडवी धरून टेपनं माप घेतलं आणि बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिलं, ५१ इंच. डिस्ट्रिब्युटरला तिथूनच फोन लावला, ऑनलाइनपेक्षा तीनशे रुपये जास्त पडले. पुढच्या दिवाळीपर्यंत पोरगी तीन इंच वाढंल म्हणाले, तेव्हा हाच सेट परत आणा, गिऱ्हाईक बघून देतो. आणि तिला म्हणाले, "ग्रिप झिजवून आण बघू तवर, मी नवीन बसवून देतो." गुरुवारी सेट आला, तेव्हापासून शेडमागं रोज संध्याकाळी दिवा लावावा लागतोय.